समाजकेंद्राचं डिझाइन: आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओत समाजकेंद्राचा विषय मिळाला की पहिल्या आठवड्यापासून ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, सकाळपर्यंत तेच ते प्रश्न येत राहतात. बरीच वर्षं मी ते ऐकते आहे, आणि विद्यार्थिनी असताना मीही त्यातले बहुतेक विचारले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण डिझाइन तिथेच घडतं किंवा बिघडतं.

समाजकेंद्र म्हणजे नेमकं काय काढायचं? एक हॉल, दोन खोल्या आणि ऑफिस?

ब्रीफमध्ये, म्हणजे काय डिझाइन करायचं ते सांगणाऱ्या टिपणात, बहुधा तेवढंच लिहिलेलं असतं, आणि बहुतेक विद्यार्थी तेवढंच काढतात. पण शाळेत वर्ग भरतात, दवाखान्यात रुग्ण येतात, तसा समाजकेंद्राला एकच ठरलेला वापर नसतो. सकाळी पेपर वाचायला येणारे वयस्कर लोक, दुपारचा एखादा वर्ग, संध्याकाळी अभ्यासाला बसणारी मुलं, मधूनच दीडशे माणसांची सभा. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे काहीही काम नसताना येऊन बसणारे लोक. त्यांच्यासाठी ब्रीफमध्ये खोली नसते. त्यांची जागा तुम्हालाच शोधायची असते.

मोठे कार्यक्रम वर्षातले मोजकेच दिवस असतात. बाकीच्या दिवशी, एखाद्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, ही इमारत उघडी असते का आणि आत कुणी बसलेलं असतं का, यावर मी डिझाइन तपासते. पुढची सगळी उत्तरं या एका मुद्द्याभोवतीच फिरतात.

सुरुवात कशाने करू? साइट, कॉन्सेप्ट की बबल डायग्राम?

वेळापत्रकाने. एका मोठ्या कागदावर आठवड्याचे सात रकाने पाडा आणि सकाळी ६ ते रात्री १० असे सोळा तास आडवे मांडा. झाले ११२ चौकोन. आता प्रत्येक चौकोनात कोण असेल, किती जण असतील आणि ते काय करत असतील, ते लिहा. दोन तास लागतील, पण त्यानंतर बबल डायग्राम, म्हणजे खोल्यांचे गोल काढून त्यांचे संबंध दाखवणारं चित्र, जवळजवळ आपोआप सुटतो.

कागद भरला की काही गोष्टी लगेच नजरेत भरतात. हॉलचे बरेच चौकोन रिकामे दिसतील. म्हणजे सगळ्यात मोठी, सगळ्यात खर्चिक जागा सगळ्यात कमी वापरली जाणार आहे. मुलांचा अभ्यास आणि नाचाचा वर्ग एकाच वेळी येत असतील, तर त्या दोन खोल्यांना एकच भिंत देता येणार नाही. वाचनकक्ष सहाला उघडायचा आणि ऑफिस दहाला, तर मधले चार तास किल्ली कुणाकडे?

किल्लीचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एका केंद्रात मी एकदा दिवसभर तिथल्या राखणदारांबरोबर होते. त्यांच्याकडे किल्ल्यांचा जाडजूड जुडगा होता. वाचनकक्षाला बाहेरून स्वतंत्र दार होतं, पण स्वच्छतागृहं हॉलच्या मागच्या बोळात. सकाळी कुणा आजोबांना तिकडे जायचं झालं, की आख्खा हॉल उघडावा लागे. त्यावर राखणदारांनी तोडगा काढला होता: हॉलच्या मागच्या दारात दिवसभर एक वीट. दार वाऱ्याने हलायचं, वीट घासायची, आणि उंबऱ्याच्या फरशीवर तिने वाटीएवढा खळगा पाडला होता. नकाशावर ते स्वच्छतागृह अगदी योग्य जागी दिसलं असणार. चुकली होती ती कुलपाची रेषा.

तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला ही रेषा काढायला लावते. प्लॅनच्या तीन-चार प्रती घ्या. एक सकाळी सातची, एक दुपारची, एक रात्री नऊची, एक मोठ्या कार्यक्रमाची. प्रत्येकीवर लाल पेनने बंद दारांची रेषा ओढा आणि उरलेल्या भागात प्रवेश, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का ते बघा. नसेल, तर प्लॅन बदला. याला कॉन्सेप्ट लागत नाही, पण यातूनच बऱ्याचदा कॉन्सेप्ट सापडतो.

साइट व्हिजिटला काय बघू? फोटो तर सगळेच काढतात.

फोटो काढा, पण आधी एका जागी तासभर बसा. लोक साइट कशी ओलांडतात ते बघा. मोकळ्या जागेत पायवाट पडलेली असेल, तर ती मोजून १:५०० च्या नकाशावर घ्या. तुमची इमारत तिच्यावर येणार असेल, तर ती वाट इमारतीतून जाऊ देता येईल का याचा विचार करा. लोकांच्या रोजच्या वाटेवरची इमारत त्यांना ओळखीची होते. त्यासाठी मुद्दाम वाकडं जावं लागलं, तर काम असेल तेव्हाच पाय वळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सावली. दुपारी लोक कुठे थांबतात? भिंतीकडेला, झाडाखाली, बंद दुकानाच्या पायरीवर? तीच तुमच्या इमारतीची पहिली खोली समजा. झाडांचे बुंधे आणि विस्तार दोन्ही मोजा. उताराची पातळी घ्या. अर्धा मीटरचा फरकही छेदात, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, पुढे खूप उपयोगी पडतो.

आणि एकदाच जाऊ नका. ब्राझीलमध्ये साओ पावलोतल्या जुन्या पिंपांच्या कारखान्याचं समाजकेंद्र करण्याचं काम वास्तुकार लीना बो बार्दी यांच्याकडे आलं, तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी कारखान्याच्या शेड्स पाहिल्या. दुसऱ्यांदा त्या शनिवारी गेल्या, तर तिथे मुलं धावत होती, कुटुंबं जमली होती, म्हातारी माणसं बसली होती. लोकांनी ती जागा आधीच आपली करून टाकली होती. बो बार्दींनी शेड्स पाडल्या नाहीत. आतल्या भिंती काढून मोठी मोकळी जागा केली, जमिनीत पाण्याचा एक वळणदार पट्टा दिला, एक शेकोटी दिली. १९७७ ते १९८६ या काळात झालेलं सेस्क पोंपेया हे केंद्र आजही भरलेलं असतं. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी पुन्हा जाणं म्हणजे काय, ते या उदाहरणातून कळतं.

लोकांशी बोला म्हणतात. नेमकं काय विचारायचं?

"तुम्हाला इथे काय हवंय?" हा प्रश्न टाळा. त्याची उत्तरं ठराविक येतात: मोठा हॉल, पार्किंग, जिम. लोकांना इच्छा विचारण्यापेक्षा काल काय केलं ते विचारा. काल दुपारी कुठे होता? शेवटची बैठक कुठे झाली? खुर्च्या कुणी आणल्या? मुलं अभ्यासाला कुठे बसतात? अशा उत्तरांतून खोल्यांची खरी यादी निघते.

एक मॉडेलही बरोबर न्या, फुटकळ पुठ्ठ्याचं, सुट्या तुकड्यांचं. तुम्ही एखादा तुकडा ठेवलात की समोरचा माणूस तो उचलून दुसरीकडे ठेवतो, आणि का ठेवला ते सांगतो. शब्दांत जे कधीच आलं नसतं, ते हातातून येतं. छान रंगवलेलं मॉडेल नेलंत, तर लोक फक्त कौतुक करतात.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं, मधल्या पायऱ्यांवर त्यांचं ऐकून घेतलं जातं पण निर्णय दुसरेच घेतात, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयच लोकांच्या हाती असतो. तुमचा सर्व्हे कुठल्या पायरीवर आहे, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. विद्यार्थ्याचं काम बहुधा मधल्या पायरीवर असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त सादरीकरणाच्या शीटवर "लोकसहभागातून साकारलेलं" असं लिहू नका.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलमधल्या बायकर वसाहतीच्या पुनर्बांधणीच्या वेळी वास्तुकार राल्फ अर्स्किन यांच्या कार्यालयाने वस्तीतच, अंत्यविधीचं सामान ठेवणाऱ्या एका जुन्या दुकानात आपलं ऑफिस थाटलं होतं. दार उघडं असायचं. रहिवासी घराच्या तक्रारी घेऊन यायचे आणि बोलता बोलता नकाशेही बघायचे. तुम्हाला ऑफिस उघडता येणार नाही, पण एक टेबल घेऊन दोन दुपारी तिथे बसता येईल.

क्षेत्रफळ कसं ठरवू? ब्रीफमध्ये फक्त "१५० लोकांचा हॉल" लिहिलंय.

आधी विचारा: १५० लोक कसे बसणार? नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील, तर माणशी साधारण ०.६५ चौरस मीटर धरतात. म्हणजे ९८ चौरस मीटर. टेबलं-खुर्च्या मांडायच्या, तर माणशी १.४ च्या आसपास, म्हणजे २१० चौरस मीटर. एकाच वाक्यातून दुपटीहून मोठा फरक निघतो. त्यात व्यासपीठ आणि त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा अजून धरलेली नाही.

मी म्हणेन, हॉल लहान ठेवा आणि त्याची एक बाजू उघडता येईल अशी करा. एरवी ऐंशी जणांची खोली, आणि मोठ्या कार्यक्रमाला बाहेरची पडवी किंवा चौक मिळून दीडशे. रोज ऐंशीच्या खोलीत वीस माणसं बसली तर बरं वाटतं; दीडशेच्या हॉलमध्ये तीच वीस माणसं हरवून जातात.

सगळ्या खोल्यांची बेरीज झाली की त्यावर ३० ते ४० टक्के भिंती, बोळ, जिने, डक्ट यांसाठी धरा. हे विसरल्यामुळे शेवटच्या आठवड्यात खोल्या आक्रसतात.

आणि सामानाची खोली! १५० खुर्च्या, दहा-दहाच्या पंधरा चळती, प्रत्येक चळत साधारण ६० बाय ६० सेंटिमीटर. नुसत्या खुर्च्यांनाच साडेपाच चौरस मीटर लागतात. त्यांना ढकलत आत-बाहेर न्यायची जागा धरली, की दहा-बारा चौरस मीटर होतात. ही खोली हॉलला लागून, रुंद दाराची, मध्ये उंबरा नसलेली हवी. ती नसली, तर खुर्च्या कायम हॉलमध्ये मांडलेल्या राहतात आणि मोकळ्या जमिनीवर करायच्या सगळ्या गोष्टी, मुलांचे खेळ, व्यायाम, नाच, बंद पडतात. दहा चौरस मीटरमुळे आख्खा हॉल एकाच कामाचा होतो.

सगळ्यांचा कॉन्सेप्ट भारी असतो. माझा "एकत्र येणं" एवढाच आहे. चालेल का?

चालेल, जर तो छेदात दिसत असेल. एकमेकांत गुंफलेले हात, कमळाच्या पाकळ्या, वर्तुळ म्हणजे एकता, अशा आकारांनी प्लॅन सुरू झाला की पुढचे आठ आठवडे स्वच्छतागृह पाकळीत बसवण्यात जातात. "एकत्र येणं" याचं इमारतीतलं रूप काय, एवढंच शोधा. समजा, आत येणाऱ्याला आत न शिरताच काय चाललंय ते दिसतं. किंवा अभ्यास करणाऱ्या मुलाला चौकापलीकडे बसलेली आजी दिसते. हे वाक्य तुम्हाला प्लॅनवर बोटाने दाखवता आलं, की कॉन्सेप्ट झाला.

खोल्यांची मांडणी कितीही केली तरी मधे बोळच उरतो. काय करू?

खोल्या दोन जातींच्या समजा: ज्यांत लोक बसतात त्या, आणि ज्या त्यांना मदत करतात त्या. स्वच्छतागृह, सामान, जिना, विजेचं पॅनेल, पॅन्ट्री, या मदतनीस जागा. वास्तुकार लुई कान यांनी हा विचार ज्या छोट्या इमारतीत पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला, ती एका समाजकेंद्रासाठीच बांधलेली होती: अमेरिकेतल्या ट्रेंटनजवळचं १९५५ चं स्नानगृह, पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे बदलायची जागा. उघड्या चौकाभोवती चार चौरस मंडप, प्रत्येकावर पिरॅमिडसारखं छप्पर. छपराचा भार घेणारे कोपऱ्यातले खांब आतून पोकळ, माणूस शिरेल एवढे मोठे. आणि त्या पोकळीतच प्रवेशाची वळणं, स्वच्छतागृहं, सामान अशी मदतीची कामं बसवलेली. वेगळा बोळच नाही.

तुमच्याकडे ही युक्ती जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. पण मदतनीस जागांची एक जाड पट्टी करून ती दोन मोठ्या खोल्यांच्या मधे ठेवली, तर आवाजही अडतो आणि नळाच्या लाइनीही एकत्र येतात. बोळ उरलाच, तर त्याला एका बाजूने उजेड द्या आणि खिडकीच्या खाली बसायला ४५ सेंटिमीटर उंचीचा कट्टा द्या. काम नसताना येणारे लोक, ज्यांच्याबद्दल सुरुवातीला म्हटलं, ते तिथेच बसतात. आत जायचं की नाही हे ठरवायला माणसाला असा एक टप्पा लागतो.

सरकत्या पार्टिशनने हॉलचे दोन भाग केले तर?

शीटवर छान दिसतं. प्रत्यक्षात हलकं पार्टिशन आवाज अडवत नाही, आणि जे अडवतं ते जड, महाग आणि छपरापर्यंत घट्ट बसवावं लागणारं असतं. एका बाजूला सभा आणि दुसरीकडे गाण्याचा वर्ग चालेल अशी आशा त्यावर ठेवू नका. त्याऐवजी दोन वेगळ्या मापांच्या खोल्या द्या.

हॉलमध्ये आवाज घुमतो, असं ज्युरी म्हणाली. ते नकाशावरून कसं कळलं?

गणिताने, आणि ते तुम्हालाही पाच मिनिटांत करता येतं. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानकक्षात बोललेलं समजत नसे म्हणून वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला १८९५ मध्ये तो दुरुस्त करायला सांगितलं गेलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, ऑर्गन पाइप वाजवायचा, आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, असं त्याने रात्रीमागून रात्री केलं. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरतात: आवाज विरायचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ.

आता तुमचा हॉल घ्या. १२ बाय १५ मीटर, उंची ५. घनफळ ९०० घनमीटर. जमीन १८०, छत १८०, भिंती २७०; एकूण ६३० चौरस मीटर. सगळं प्लास्टर, काँक्रीट आणि फरशी असेल, तर हे पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम ४ टक्के भाग शोषतात. म्हणजे शोषणारं क्षेत्र २५ चौरस मीटर, आणि रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला लागतात ५.८ सेकंद. बोलणं नीट समजायला हा वेळ एक सेकंदाच्या आसपास हवा. पाच-सहा सेकंदांत बोलणारा पुढची दोन वाक्यं बोलून जातो आणि ऐकणाऱ्याच्या कानात सगळ्यांची खिचडी होते.

छताला ७० टक्के शोषणारं अस्तर लावलं, तर त्याचे १२६ आणि बाकीच्या ४५० चौरस मीटरचे १८, असे १४४ होतात, आणि वेळ उतरतो एका सेकंदावर. लोक बसले की त्यांच्या कपड्यांमुळे तो आणखी थोडा कमी होतो. या हिशेबाची एक छोटी चौकट शीटवर टाका. ज्यांना कमी ऐकू येतं, त्या म्हाताऱ्या माणसांचा विचार तुम्ही केला आहे, हे त्यातून कळतं.

हवा आणि उजेडासाठी काय लक्षात ठेवू?

बाजूच्या खिडकीचा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आत पोहोचतो. खिडकीची वरची कड २.४ मीटरवर असेल, तर पाच-सहा मीटरच्या पुढे दिवा लावावा लागेल. म्हणून १२ मीटर रुंदीच्या हॉलला दोन्ही बाजूंनी किंवा वरून उजेड लागतो. हवेसाठीही समोरासमोर उघडणी हवीत, आणि गरम हवा वर जाते, तेव्हा वरून बाहेर पडायला वाट हवी.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो गावची प्राथमिक शाळा. बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकत असतानाच दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी आपल्या गावासाठी पैसे जमवले आणि २००१ मध्ये ती उभी केली. मातीच्या दाबीव विटांच्या भिंती, विटांचंच छत, आणि त्याच्यावर बरंच अंतर सोडून पत्र्याचं रुंद छप्पर. पत्रा तापतो, पण ती उष्णता मधल्या फटीतल्या वाऱ्याबरोबर निघून जाते आणि वर्गातली गरम हवा छतातल्या भोकांतून वर ओढली जाते. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रा पेलणारे सांगाडे, साध्या लोखंडी सळयांच्या आहेत. गावातल्या माणसांनी त्या हातकरवतीने कापल्या आणि जोडल्या. हा छेद एकदा हाताने काढून बघा. एका रेषेत हवा, सावली, पाऊस आणि बांधायची पद्धत, सगळं सुटलेलं आहे.

स्ट्रक्चर कितपत यायला हवं?

आकडेमोड यायलाच हवी असं नाही. मापं मात्र खरी वाटली पाहिजेत. १२ मीटरच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, काँक्रीटची तुळई अंदाजे गाळ्याच्या बाराव्या भागाएवढी खोल लागते, म्हणजे एक मीटर. तुम्ही ४० सेंटिमीटर काढली असेल, तर ज्युरी तिथेच थांबते. हॉल आणि खोल्या एकाच स्लॅबखाली बसवू नका: हॉलला साडेचार-पाच मीटर उंची हवी, खोल्यांना तीन पुरतात. हॉलवर दुसरा मजला चढवणं तर टाळाच. हॉलचं छप्पर वेगळं उचललं की दोन छपरांमधल्या फरकातून उजेडही मिळतो.

रॅम्प शेवटी कुठेतरी लावला तर चालतो ना?

नाही. मागच्या दारातून आत घ्यावं लागणं अपमानाचं असतं, आणि समाजकेंद्रात तर ते अक्षम्यच. १:१२ च्या उताराने जोतं ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. जोतं ९० केलंत, तर १०.८ मीटर आणि वर मधला विसाव्याचा टप्पा. रॅम्प लांबतोय असं वाटलं, तर जोतं खाली आणा किंवा साइटच्या उताराचा फायदा घेऊन पायऱ्या नसलेलाच प्रवेश करा. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. ते वर्तुळ प्रवेशात, स्वच्छतागृहात आणि व्यासपीठावरही काढून बघा. व्यासपीठावर कुणी काढतच नाही. जणू चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने फक्त श्रोताच असायचं.

केस स्टडी कोणत्या घेऊ?

दोन पुरेत, पण पूर्ण समजून घ्या. गांदो आणि सेस्क पोंपेया वर आल्याच आहेत. तिसरी म्हणून अमेरिकेत अलाबामातल्या मेसन्स बेंडचं छोटं समाजकेंद्र बघा. ऑबर्न विद्यापीठाच्या रूरल स्टुडिओच्या विद्यार्थ्यांनी ते २००० मध्ये स्वतः बांधलं: ठोकलेल्या मातीच्या ठेंगण्या भिंती आणि भंगारातल्या मोटारींच्या पुढच्या काचा खवल्यांसारख्या एकावर एक लावून केलेलं छप्पर. केस स्टडीच्या शीटवर इंटरनेटवरचे फोटो नकोत. प्लॅन तुमच्या साइटच्याच स्केलला पुन्हा काढा आणि शेजारी ठेवा. तुमचा हॉल त्यांच्या आख्ख्या इमारतीएवढा आहे, हे असंच कळतं.

रेंडर किती करू?

एक, तेही माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून. (रेंडर म्हणजे इमारत खरी भासेल असं संगणकावरचं चित्र.) तो वेळ १:५० च्या छेदाला द्या. त्या छेदात माणसं काढा, आणि वेळापत्रकातल्या एका ठराविक तासातली काढा. कोण बसलंय, कोण आत डोकावतंय, कोण खुर्च्या ढकलतंय. मी पाहिलेल्या चांगल्या डिझाइनांपैकी बहुतेक अशा एका छेदावरच कळली.

दोन आठवडे राहिलेत आणि आता प्लॅन चुकलाय असं वाटतंय. बदलू का?

काय चुकलंय ते एका वाक्यात लिहा. "मजा येत नाही" असं उतरलं, तर बदलू नका. झोपा आणि सकाळी पुन्हा बघा. "सातच्या प्रतीत स्वच्छतागृह कुलपाआड जातंय" असं काही ठोस उतरलं, तर तेवढाच भाग बदला. बहुतेक वेळा दोन खोल्यांची अदलाबदल आणि एक जादा दार एवढ्यावर निभावतं.

ज्युरीत बोलू काय?

साइट ॲनालिसिसपासून सुरुवात करू नका. तोवर त्यांचं लक्ष उडालेलं असतं. छेदासमोर उभे राहा आणि एका माणसाला इमारतीतून चालवा. सकाळी सातला कोण येतं, कुठून शिरतं, त्याला काय दिसतं. प्रश्न आला आणि उत्तर नसेल, तर "याचा विचार झाला नाही, लिहून घेते" असं सरळ म्हणा आणि खरंच लिहून घ्या. बचावासाठी तिथल्या तिथे रचलेली कारणं सगळ्यांना कळतात.

हे सगळं कागदावरच राहणार. मग एवढं खोलात का शिरायचं?

बांगलादेशातल्या रुद्रपूर गावची माती आणि बांबूची दुमजली शाळा बघा. ॲना हेरिंगर यांनी ती ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये आर्किटेक्चर शिकताना पदवीचा प्रकल्प म्हणून केली होती. त्या आधी जवळजवळ वर्षभर बांगलादेशात राहिल्या होत्या. पुढे वास्तुकार आयके रोसवाग यांच्याबरोबर आणि गावातल्या कारागिरांच्या हातांनी ती खरोखर उभी राहिली आणि २००७ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. खालच्या वर्गांच्या मागे मातीत कोरल्यासारख्या छोट्या गुहा आहेत. मुलं त्यांत शिरून बसतात, एकटी किंवा दोघं-तिघं मिळून. कुठल्याच ब्रीफमध्ये गुहा लिहिलेल्या नसतात. मुलं रिकाम्या वेळी काय करतात हे जवळून पाहिलेल्या माणसालाच त्या सुचतात.

तुमची इमारत बांधली जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण ज्युरी झाली की मॉडेल कपाटावर टाकू नका. ज्यांच्याशी बोलला होतात त्यांच्याकडे ते परत न्या, आणि छप्पर चिकटवू नका, सुटं ठेवा. लोक छप्पर उचलतात, वाकून आत बघतात, आणि एखाद्या खोलीवर बोट ठेवून विचारतात, "इथे बसल्यावर पाणी प्यायला कुठे जायचं?"